वाचकांचे प्रश्न : जवळपासच्या शोधात आमचा व्यवसाय का दिसत नाही?

गूगल मॅप आणि 'जवळपास' शोधांबद्दल आलेल्या पत्रांपैकी दहा इथे घेतली आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच समज दिसतो : कुठेतरी एक बटण, एखादी फी किंवा एखादी युक्ती आहे, ती कळली की नाव वर येतं. स्थानिक निकालांचा क्रम कशावर ठरतो हे गूगलने स्वतःच जाहीर केलं आहे. शोधाशी जुळणी, शोधणाऱ्यापासूनचं अंतर आणि व्यवसायाचा नावलौकिक, अशा त्या तीन गोष्टी. अंतर आपल्या हातात नसतं. उरलेल्या दोन असतात, आणि पुढची बहुतेक उत्तरं त्यांच्याभोवतीच फिरतात.

प्रश्न : 'गूगलमधून बोलतोय, यंदाची फी भरली नाही तर तुमची लिस्टिंग बंद होईल' असा फोन आला. दुसऱ्याने पैसे घेऊन पहिल्या तिनांत आणायची हमी दिली. यात तथ्य किती?

पहिल्यात काहीच नाही. गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे शोधात आणि नकाशावर दिसणारी तुमच्या व्यवसायाची नोंद, मोफत आहे आणि त्याला नूतनीकरणाची फी नसते. दुसऱ्याच्या हमीलाही अर्थ नाही, कारण पैसे घेऊन स्थानिक क्रम वर नेण्याची सोय नाही असं गूगलने स्पष्ट लिहिलं आहे. नकाशावर पैसे देऊन जी जागा मिळते ती जाहिरातीची असते. तिच्यावर तशी खूण असते आणि पैसे थांबले की ती जागाही जाते. जाहिरात केल्याने खालच्या नेहमीच्या निकालांत क्रम सुधारत नाही.

एजन्सीला काम द्यायला हरकत नाही, पण एक गोष्ट आजच तपासा. प्रोफाइल उघडून 'लोक आणि प्रवेश' या भागात जा. तिथे मुख्य मालक म्हणून तुमचं स्वतःचं खातं असलं पाहिजे, एजन्सी फक्त व्यवस्थापक म्हणून. अनेकांचं प्रोफाइल एजन्सीनेच स्वतःच्या खात्यावर काढलेलं असतं, आणि वाद झाला की वर्षानुवर्षांचे रिव्ह्यू दुसऱ्याच्या ताब्यात अडकतात. तसं असेल तर मालकीची मागणी नोंदवता येते. आताच्या मालकाला उत्तरासाठी तीन दिवस मिळतात. त्याने उत्तर दिलं नाही, तर पडताळणी करून प्रोफाइल ताब्यात घेण्याचा मार्ग काही वेळा खुला होतो.

प्रश्न : प्रतिस्पर्ध्याने दुकानाच्या नावापुढे 'उत्तम, स्वस्त, २४ तास सेवा' असं सगळं जोडलंय आणि तो माझ्या वर दिसतो. मीही तसंच करू का?

करू नका. पण तुमचं निरीक्षण चुकीचं नाही. नावातल्या शब्दांचा क्रमावर परिणाम होतो, आणि म्हणूनच लोक हा प्रकार करतात. गूगलने स्थानिक निकालांत २०२१ च्या अखेरीस केलेल्या मोठ्या बदलानंतर (त्याबद्दल पुढे) तो परिणाम कमी झाला, तरी पुरता गेलेला नाही. नियम मात्र सरळ आहे : पाटीवर, बिलावर आणि ग्राहकांच्या तोंडी जे नाव असतं तेच प्रोफाइलवर हवं. सेवा, भाग, घोषवाक्य, फोन नंबर यांपैकी काहीही नावात चालत नाही. कोणी तक्रार केली तर आधी नाव दुरुस्त केलं जातं, प्रकरण वाढलं तर प्रोफाइल सस्पेंड होतं. त्या काळात नकाशावरून येणारे फोन बंद पडतात. काही आठवड्यांच्या फायद्यासाठी ही जोखीम परवडणारी नाही.

प्रतिस्पर्ध्याच्या प्रोफाइलवर 'बदल सुचवा' निवडून खरं नाव सुचवा आणि पाटीचा स्पष्ट फोटो जोडा. त्याने भागलं नाही, तर व्यवसायांच्या फसव्या माहितीविरुद्ध तक्रारीचा गूगलचा वेगळा फॉर्म आहे, तिथे पुराव्यासह लिहा. तक्रार फक्त खोट्या माहितीबद्दल करा. त्या व्यावसायिकाची पाटी आणि नोंदणी खरोखरच त्या लांबलचक नावाची असेल, तर तक्रार टिकणार नाही.

प्रश्न : वर्णनात आमच्या सगळ्या सेवा आणि आजूबाजूच्या सगळ्या भागांची नावं भरली. तरी फरक का नाही?

वर्णनाची मर्यादा ७५० अक्षरांची आहे. ते वाचणाऱ्या माणसासाठी असतं, त्यातल्या शब्दांनी क्रम हलल्याचं दिसत नाही. पहिल्या दोन-तीन वाक्यांत तुम्ही नेमकं काय करता आणि कोणासाठी ते सांगा. बाकीचं बहुतेक जण उघडूनही पाहत नाहीत.

फरक पडतो तो कॅटेगरीने. प्रोफाइल भरताना सर्वांत कमी वेळ तिच्यावर घालवला जातो, म्हणून हे जरा सविस्तर. एक मुख्य कॅटेगरी आणि जास्तीत जास्त नऊ पूरक कॅटेगऱ्या निवडता येतात. यादी गूगलची ठरलेली असते, मनाने नवी लिहिता येत नाही. मुख्य कॅटेगरीचं वजन सर्वाधिक असतं. लहान मुलांच्या दातांवर उपचार हे ज्यांचं मुख्य काम, त्यांनी 'दवाखाना' अशी ढोबळ कॅटेगरी घेतली तर नेमक्या शोधात ते मागे पडणारच. ब्राउझरची इन्कॉग्निटो (तुमच्या जुन्या शोधांची नोंद न वापरणारी) खिडकी उघडा, ग्राहक जे शब्द वापरतो ते टाका आणि नकाशावर वरच्या निकालांत कोणती कॅटेगरी पुन्हापुन्हा दिसते ते पाहा. तुमच्या खऱ्या कामाशी जुळणारी, यादीतली सर्वांत नेमकी कॅटेगरी मुख्य ठेवा. पूरक कॅटेगऱ्या नऊ मिळतात म्हणून नऊ भरू नका. जे काम करत नाही त्याची कॅटेगरी लावली की नको ते फोन येतात आणि त्यांतून नाराज रिव्ह्यूही. मुख्य कॅटेगरी बदलल्यावर कधीकधी पुन्हा व्हेरिफिकेशन, म्हणजे व्यवसायाची पडताळणी, मागितलं जातं. त्यामुळे हा बदल ऐन गर्दीच्या आठवड्यात नको.

प्रश्न : दुकानात बसून शोधलं तर आमचा पहिला नंबर, घरून शोधलं तर नावच नाही. नेमकं खरं काय?

दोन्ही. स्थानिक शोधात 'आमचा नंबर' असा एकच आकडा नसतो. शोधणारा कुठे उभा आहे त्याप्रमाणे यादी बदलते, काही चौक ओलांडले तरी बदलते. तुमच्याच फोनवर पाहिलं तर त्यात तुमच्या पूर्वीच्या शोधांचाही रंग मिसळलेला असतो. दुकानात बसून मिळालेला पहिला नंबर म्हणजे जवळजवळ फुकटचा नंबर, कारण तिथे अंतर शून्य आहे.

२०२१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये स्थानिक निकालांत जो बदल झाला, त्याला या क्षेत्रातले लोक 'व्हिसिनिटी अपडेट' म्हणतात. त्यानंतर अंतराचं वजन वाढलं आणि लांबवर पसरून दिसणारी प्रोफाइलं आकसली. आजही नेहमीच्या यादीत वर तीनच नावं येतात. २०१५ पूर्वी सात यायची. म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला पहिल्या तिनांत दिसायचं हे उद्दिष्टच बहुतेक व्यवसायांसाठी चुकीचं ठरतं.

मोजायचं असेल तर ग्रिड पद्धतीचं साधन वापरा. ते नकाशावर समान अंतरावर ठिपके आखून प्रत्येक ठिकाणाहून तुमचा क्रम दाखवतं. तोच शब्द, तीच जाळी, महिन्यातून एकदा. रोज पाहून हाती काही लागत नाही. कुठपर्यंत तुम्ही पहिल्या तिनांत आहात ती सीमा हळूहळू बाहेर सरकतेय का, एवढंच बघायचं.

आणखी एक शक्यता तपासा. एकाच इमारतीत किंवा अगदी लगत तुमच्याच कॅटेगरीचे दोन-तीन व्यवसाय असतील, तर यादीत त्यांपैकी एकच दिसतो आणि बाकीचे नकाशा मोठा केल्यावर उगवतात. २०१६ पासून ही गाळणी दिसते आहे. दंड झाला असं समजून घाबरू नका. शेजाऱ्यापेक्षा नेमकी कॅटेगरी, अधिक रिव्ह्यू आणि भक्कम वेबसाइट हाच त्यावरचा उपाय.

प्रश्न : मी प्लंबर आहे, घरून काम करतो. सर्व्हिस एरियामध्ये वीस गावं टाकली, तरी माझ्याच भागाबाहेर दिसत नाही. दुसऱ्या गावात भाड्याने फक्त पत्ता घेतला तर?

सर्व्हिस एरियाची मर्यादा वीसच आहे, म्हणजे तुम्ही ती पूर्ण वापरली. पण ती यादी ग्राहकाला 'हा आमच्याकडे येतो' एवढंच सांगते, क्रम ठरवत नाही. अंतर मोजलं जातं ते व्हेरिफिकेशनच्या वेळी दिलेल्या पत्त्यापासून, मग तो पत्ता लपवलेला असला तरी. ग्राहक तुमच्या घरी येत नसतील तर पत्ता लपवणं नियमाने बंधनकारक आहे. आणि सगळा परिसर मुख्य ठिकाणापासून साधारण दोन तासांच्या गाडीप्रवासात बसायला हवा.

भाड्याचा पत्ता नको. पोस्ट बॉक्स आणि कागदोपत्री कार्यालय नियमात बसत नाही. सामायिक कार्यालय चालतं, पण तिथे तुमची कायमची पाटी हवी, कामाच्या वेळेत तुमचा स्वतःचा माणूस हवा आणि ग्राहकांना तिथे येता आलं पाहिजे. हल्ली व्हेरिफिकेशन बहुधा व्हिडिओने होतं, त्यात या गोष्टी दाखवाव्या लागतात. नुसत्या पत्त्याचं बिंग तिथेच फुटतं.

बाहेरच्या गावांसाठी खरा मार्ग वेबसाइटचा. नकाशाच्या खालच्या साध्या निकालांत अंतराचा जाच कमी असतो. मात्र एकच मजकूर घेऊन त्यात फक्त गावाचं नाव बदलायचं आणि वीस पानं काढायची, याला गूगलच्या नियमांत 'डोअरवे' पानं म्हणतात आणि ती स्पॅममध्ये धरली जातात. ज्या तीन-चार गावांत खरोखर काम मिळतं त्यांचीच पानं करा. तिथे केलेली कामं, त्यांचे फोटो, तिथल्या घरांतल्या नेहमीच्या अडचणी, पोहोचायला लागणारा वेळ, असं त्या पानाखेरीज कुठेच नसलेलं काही त्यात हवं.

प्रश्न : रिव्ह्यू वाढवायला पुढच्या वेळी सवलत देतो म्हटलं, काउंटरवर टॅबही ठेवला. आता आलेले रिव्ह्यूच गायब होतायत!

दोन्ही उपाय उलटे पडले आहेत. पैसे, सवलत, भेट, काहीही देऊन रिव्ह्यू घेणं निषिद्ध आहे, चांगला असो वा वाईट. एकाच यंत्रावरून, एकाच जागेतून ओळीने आलेले रिव्ह्यू बनावट वाटतात आणि गाळले जातात. आणखी एक सवय सर्रास दिसते : आधी विचारायचं 'समाधानी आहात का', हो म्हणणाऱ्यालाच गूगलचा दुवा द्यायचा आणि नाही म्हणणाऱ्याला आपल्याच फॉर्मवर वळवायचं. तिलाही मनाई आहे. बनावट रिव्ह्यूंचा प्रकार सिद्ध झाला तर काही काळ नवे रिव्ह्यू बंद होतात, आहेत तेही झाकले जातात आणि प्रोफाइलवर ग्राहकांना दिसेल असा इशारा लावला जातो.

सगळ्यांना मागा, सारख्याच शब्दांत मागा. प्रोफाइलमधल्या 'रिव्ह्यू मिळवा' इथून छोटा दुवा आणि क्यूआर कोड मिळतो. काम संपल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तो दुवा ग्राहकाच्या स्वतःच्या फोनवर पाठवा, म्हणजे तो त्याच्या घरून, त्याच्या खात्यावरून लिहील. 'कोणतं काम करून घेतलं तेही लिहा' एवढी विनंती पुरे. तयार मजकूर देऊ नका. ग्राहकाने कामाचं नाव लिहिलं असेल तर कधीकधी तेच वाक्य शोधनिकालात तुमच्या नावाखाली झळकतं. एका आठवड्यात चाळीस आणि मग सहा महिने शुकशुकाट, यापेक्षा दर आठवड्याला दोन बरे. वाचणारा आधी तारीख पाहतो.

वाईट रिव्ह्यूबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलंय. तो वाईट किंवा अन्यायकारक आहे म्हणून काढला जात नाही. शिवीगाळ, विषय सोडून मजकूर, हितसंबंध, तोतया खातं असा नियमभंग असेल तरच काढतात. रिव्ह्यू व्यवस्थापनाच्या पानावरून तक्रार करा, तिथेच तिची स्थिती दिसते आणि नकार आला तर एकदाच अपील करता येतं. दरम्यान चार ओळींचं शांत उत्तर लिहा : काय घडलं, काय दुरुस्त केलं, कुठे संपर्क करावा. ग्राहकाची खासगी माहिती त्यात चुकूनही नको. दवाखान्यांनी तर 'हे आमचे रुग्ण आहेत' असंही मान्य करू नये.

प्रश्न : फोटोंमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश भरून देणारी सेवा घ्यावी का? आणि रोज पोस्ट टाकावी का?

पहिलीवर खर्च करू नका. अपलोड झाल्यावर फोटोतली ही लपलेली माहिती काढून टाकली जाते. तिने क्रम वाढल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. दर्शनी भाग, पाटी, आतली जागा, काम करणारी माणसं यांचे स्वच्छ फोटो घ्या. जेपीजी किंवा पीएनजी, १० केबी ते ५ एमबी, शक्यतो ७२० बाय ७२० पिक्सेल. इंटरनेटवरून उचललेले चकचकीत फोटो टाळा.

पोस्टमुळे क्रम थेट वाढत नाही. नवी सेवा, बदललेली वेळ, सवलत असं सांगायला काही असेल तेव्हा टाका.

प्रश्न : तीनशे डिरेक्टऱ्यांमध्ये नाव नोंदवून देतो, असा प्रस्ताव आलाय. पत्त्यात 'रोड' आणि 'मार्ग' असा फरक असेल तर नुकसान होतं म्हणे?

एवढ्याशा फरकाने काही होत नाही, अशी लघुरूपं आणि पर्याय गूगलला समजतात. जुना फोन नंबर, सोडलेल्या जागेचा पत्ता, एकाच व्यवसायाची दोन प्रोफाइलं हे मात्र खरंच नडतं. ग्राहक बंद दाराशी जातो आणि रिव्ह्यू दोन ठिकाणी विभागले जातात.

तीनशेपैकी बहुतेक डिरेक्टऱ्या कोणीच उघडत नाही. ॲपलच्या नकाशांसाठी ॲपल, बिंगसाठी बिंग प्लेसेस, तुमच्या धंद्यातली मान्यवर संघटना आणि ग्राहक खरोखर वापरतात अशा मोजक्या साइट, एवढं हाताने करा. एका संध्याकाळचं काम आहे. नंतर एखाद्या स्थानिक बातमीत, संस्थेच्या किंवा पुरवठादाराच्या पानावर तुमचा उल्लेख आणि दुवा आला, तर त्याचं मोल या सगळ्या नोंदींपेक्षा जास्त.

प्रश्न : प्रोफाइल आहे, मग वेबसाइट कशाला?

प्रोफाइलमधूनच फुकट मिळणारी साधी वेबसाइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली. तिच्यावर विसंबलेल्यांचं पान एका दिवसात गेलं. दुसरं कारण क्रमाचं आहे : प्रोफाइलला जे पान जोडलेलं असतं त्यावरचा मजकूर नकाशातल्या जुळणीसाठी विचारात घेतला जातो. एक साधं, वेगाने उघडणारं पान घ्या. शीर्षकात मुख्य सेवा आणि भाग, मजकुरात प्रत्येक सेवेची नीट माहिती, पत्ता, वेळा आणि फोन नंबर. नंबर चित्रात नको, दाबला की फोन लागेल असा हवा. मोठ्या सेवांना स्वतंत्र पान द्या.

मेटा कीवर्डचा (पानाच्या कोडमध्ये शोधशब्द लिहायचा, वाचकाला न दिसणारा) रकाना भरायचे पैसे कोणी मागत असेल तर देऊ नका, गूगलने २००९ मध्येच सांगितलंय की शोधात ते त्याकडे पाहत नाहीत. 'माझ्याजवळ' हे शब्द पानभर पेरण्यातही अर्थ नाही, ग्राहक कुठे आहे हे त्याच्या फोनवरून कळतं. स्वतःच्या साइटवर स्वतःचेच तारे कोडने दाखवले तर शोधात तारे उमटतात, हेही २०१९ पासून बंद आहे.

प्रोफाइलमधल्या वेबसाइटच्या दुव्याला यूटीएम टॅग, म्हणजे ग्राहक कुठून आला ते सांगणारी खूण, लावा. त्याशिवाय नकाशावरून आलेला ग्राहक ॲनालिटिक्समध्ये (वेबसाइटला भेट देणाऱ्यांची मोजणी करणाऱ्या साधनात) इतरांत मिसळतो आणि प्रोफाइलचा उपयोग होतोय की नाही हे कळत नाही.

प्रश्न : बंद असतानाही दिसावं म्हणून वेळ '२४ तास' ठेवली तर? आणि नवीन जागेचा पत्ता टाकताच प्रोफाइल सस्पेंड झालं, मग नवं प्रोफाइल काढू का?

शोधाच्या क्षणी उघडा असलेला व्यवसाय वर दिसतो, ही गोष्ट खरी आहे. २०२३ च्या अखेरीस गूगलकडूनही तिला दुजोरा मिळाला. पण त्याच वेळी वेळ खोटी लिहू नका असंही बजावलं गेलं. रात्री फोन खरोखर उचलत असाल, तरच चोवीस तास लिहा. सुट्ट्यांसाठी 'विशेष वेळा' आधीच भरा.

नवं प्रोफाइल मुळीच काढू नका. ते दुबार ठरतं, तेही अडकतं आणि पहिल्याचं अपील कमकुवत होतं. जागा बदलली तर जुन्याच प्रोफाइलमधला पत्ता बदलायचा असतो, रिव्ह्यू त्याच्यासोबत येतात. आता आधी चूक शोधा : नावात जादा शब्द, ग्राहक येत नसतानाही दाखवलेला पत्ता, त्याच पत्त्यावरचं दुसरं प्रोफाइल. दिसेल ते दुरुस्त करा आणि मगच अपील करा.

अपीलचा फॉर्म उघडण्यापूर्वी कागद तयार ठेवा, कारण पुरावे जोडण्याचा भाग उघडल्यापासून फक्त ६० मिनिटं मिळतात. व्यवसायाची नोंदणी किंवा परवाना, कराचं प्रमाणपत्र, नव्या पत्त्याचं वीज, पाणी किंवा फोनचं बिल. तिन्हींवरचं नाव आणि पत्ता प्रोफाइलशी जुळायला हवा. वीजबिल घरमालकाच्या नावावर असेल तर ते एकटं पुरत नाही, सोबत भाडेकरार जोडा. व्हिडिओ मागितला तर तो एकसलग घ्या, किमान ३० सेकंदांचा. रस्त्याची पाटी किंवा शेजारची ओळखीची इमारत, मग तुमची पाटी, मग कुलूप उघडून आत जाणं आणि शेवटी फक्त मालकाला हाताळता येईल असं काही, उदाहरणार्थ बिलाचं यंत्र किंवा मागची खोली. मध्ये कापलेला व्हिडिओ परत येतो. ग्राहकांचे चेहरे आणि बँकेचे कागद त्यात येऊ देऊ नका. अपील पाठवल्यावर निकाल येईपर्यंत प्रोफाइलमधलं नाव, पत्ता, कॅटेगरी यांपैकी कशालाही हात लावू नका.